टाकीभोवती पाच फेरे

कोंबडा मी मारला. आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात ही गोष्ट जो तो आपापल्या परीनं सांगतो आणि प्रत्येकाच्या सांगण्यात मी आधीपेक्षा थोडा जास्त गाढव होत जातो. मुद्दाम मारला नाही. माझा धंदा मोटारी भरायचा. विहिरीवरची पंपाची मोटार जळाली की तिची जुनी तार काढून नवी गुंडाळायची. त्या मोटारी ने-आण करायला माझ्याकडं एक छोटा हत्ती आहे, म्हणजे तो चारचाकी टेम्पो. एका दुपारी जेवून निघालो आणि गाडी मागं घेतली. गाडीखाली सावलीला सासूबाईंचा कोंबडा बसला होता. तो रोजच बसायचा, आणि मी रोजच आधी हॉर्न वाजवायचो. त्या दिवशी फोन कानाला होता.

मी घरजावई. मूळचा परळीचा. तिकडं वीजकेंद्राची राख उडते, वाळत घातलेला सदरा पुन्हा धुवावा लागतो, आणि दोन खोल्यांत आम्ही तीन भाऊ बायका-पोरांसकट. इकडं नेकनूरजवळच्या ह्या गावात बायकोच्या माहेरी मोठं अंगण, आठ कोंबड्या आणि एकट्या सासूबाई. सासरे वारले, लेक एकुलती एक, आणि सासूबाई घर सोडायला तयार नाहीत. मग मीच आलो. घरजावयाला लोक काय म्हणतात ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच की अख्खं गाव तोंडावर म्हणेल. इथं शेंबडं पोरही मला ‘जावाई’ म्हणतं. माझं नाव फक्त आधार कार्डावर उरलंय.

आणि सासूबाई मला ‘पाव्हणं’ म्हणायच्या. अडीच वर्षं झाली, ह्या घराचे पत्रे मी बदलले, मोरी मी बांधली, तरी रोज सकाळी, ‘पाव्हणं, च्या घ्या.’ मानाचं बोलणं होतं, तक्रार कशी करणार? पण पाव्हणा म्हणजे जाणारा. मी कुठं जाणार होतो?

तर कोंबडा मेला. सासूबाई रडल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या शिव्या ऐकण्यासारख्या असतात, शेजारणीला दिलेल्या मी ऐकल्यात. त्यांनी कोंबडा पदरात घेतला, शेवग्याखाली खड्डा केला आणि पुरला. कापला नाही, शिजवला नाही. मी गाडीचं स्टेअरिंग धरून तसाच बसलो होतो. खाली उतरून ‘मामी, चुकलं’ एवढं म्हणायला हवं होतं. जीभ उचललीच नाही. सासरे जायच्या आधी त्यांनी हातानं आणलेला तो शेवटचा कोंबडा होता, हे मला बायकोनं संध्याकाळी सांगितलं.

त्या दिवसापासून सासूबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. ‘पाव्हणं’सुद्धा बंद. जे काही सांगायचं ते कोंबड्यांना सांगायच्या. मी ओसरीवर बसलेलो असायचो आणि त्या काळ्या कोंबडीला म्हणायच्या, “काळे, भाकर वाढलीया, ज्याला खायची त्यानं खावी म्हनावं.” काळी माझ्याकडं बघायची. मी उठून जेवायला जायचो. एकदा तर मी उलट निरोप दिला, “काळे, मीठ कमी हाय म्हनावं.” दुसऱ्या दिवशी भाजीत दुप्पट मीठ आलं.

खरं दुखणं वेगळंच होतं. गावातल्या निम्म्या कोंबड्या सासूबाईंच्या खुराड्यातून गेलेल्या. त्यांची कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंड्यांवर ठाण मांडून बसायला लागली, की बायका चौकशीला यायच्या, पिल्लं निघाली की बाळंतीण बघायला यावं तशा यायच्या. सासूबाई ओसरीवर बसून कुणाला किती पिल्लं ते ठरवायच्या. तेवढाच त्यांचा दरबार. आता पिवळी कोंबडी खुडूक व्हायच्या बेतात होती आणि कोंबडा शेवग्याखाली. कोंबडा गेल्यावर आठ-दहा दिवसांची अंडी धरतात, पुढची नुसती खायची. दरबार बंद पडणार होता, आणि तो मी बंद पाडला होता.

म्हणून मी ठरवलं, नवा कोंबडा आणायचा, कोंबड्यांत बसवायचा, पिल्लं काढायची आणि ह्या बाईला माझ्याशी बोलायला लावायचं. शिवी तर शिवी. पण तोंडावर.

नेकनूरच्या बाजारात एक चाचा कोंबड्या घेऊन बसतात. पांढरी दाढी, हिरवी लुंगी, आणि माल गेला तरी चालेल पण गिऱ्हाईक शहाणं करून सोडायचं असा स्वभाव. मी मोटारीचा आवाज ऐकून कुठलं वेटोळं जळालंय ते सांगतो, पण कोंबड्यातलं मला शाट कळत नाही. मी एक तांबडा, उंच, मानेवर सोनेरी पिसांचा कोंबडा उचलला.

“गावरान हाय ना पक्का?”

“गावरान क्या, खानदानी हाय,” चाचा म्हणाले. “लेकिन घर में मुर्गियां हैं ना पुरानी? फिर सीधा मत छोडो. दो हफ्ता जाली के पीछे रखो. वो इसको देखें, ये उनको देखे. दाना इधर भी डालो, उधर भी डालो. बाद में दरवाजा खोलो.”

“मुर्गा हाय, मुर्गियांत जायला त्याला काय धाड भरली?”

चाचांनी माझ्याकडं बघितलं. “तुम उस गाव के जमाई हैं ना? तुमको तो मालूम पाहिजे.”

ऐकलं मी. पण कसं ऐकलं, तर माझी गिऱ्हाइकं माझं ऐकतात तसं. मी सांगतो, मोटार भरलीय, एक दिवस वाळू द्या, मग चालू करा. ते मान डोलावतात आणि रात्रीच पाणी सोडतात.

कोंबडा घरी आणला. सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, पण कोंबडा हातातून काढून घेतला. पायाची नखं बघितली, तुरा बघितला, पंख पसरून बघितला. मग पिवळीला म्हणाल्या, “बरा हाय.” माझं काळीज सुपाएवढं झालं.

आता ह्या घरचा एक रिवाज आहे. नवं कोंबडं आलं की त्याला काखेत धरून चुलीभोवती पाच फेरे मारायचे. मग ते घर सोडून जात नाही. मांजर आणलं तरी हेच. गाय काखेत मावत नाही म्हणून गाईच्या कपाळाला चुलीतली राख लावायची. सासूबाईंना त्यांच्या आईनं सांगितलेलं, तिला तिच्या आईनं. विचारायची सोय नाही.

सासूबाई कोंबडा काखेत घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि उभ्याच राहिल्या. कारण चूल नव्हती. चूल मीच फोडली होती. मागच्या वर्षी मोठ्या हौसेनं ओटा बांधला, फरशी बसवली, गॅस आणला, आणि चुलीच्या विटा मोरीत घातल्या. सासूबाई तेव्हाही काही बोलल्या नव्हत्या. म्हणजे कोंबड्याच्या आधीचं खातंही माझ्याच नावावर.

“माय, गॅसला फिरवतीस का?” बायको म्हणाली.

शेगडी ओट्यावर, ओटा भिंतीला चिकटलेला. शेगडीभोवती फिरायचं तर भिंतीतून जायला पाहिजे. तिघंही आम्ही ओट्याकडं बघत उभे. कोंबडाही बघत होता. आणि मला सुचलं. ह्यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

“टाकी वढू का मधी?” मी म्हणालो. “आग तिच्यातनंच येती ना?”

सासूबाईंनी गॅसच्या टाकीकडं बघितलं. नंतर बायकोला म्हणाल्या, “वढा म्हनावं.” मी टाकी मधोमध ओढली. सासूबाईंनी टाकीला हळदीकुंकू लावलं, कोंबड्याच्या तुऱ्याला लावलं, आणि टाकीभोवती पाच फेरे मारले. मी नळी हातात धरून उभा, पायात अडकू नये म्हणून. माझ्या लग्नात भटजीनं एवढ्या गंभीरपणे काही केलं नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोंबडा सरळ कोंबड्यांत सोडला.

काय सांगू! मला वाटलं होतं, अंगणात एवढा उमदा गडी उतरला म्हटल्यावर बायका जरा लाजतील, बाजूला होतील. काळी चालत आली. पळत नाही, चालत. त्याच्यासमोर थांबली, मान वाकडी करून त्याला वरून खालपर्यंत बघितलं, आणि तुऱ्यावर अशी चोच हाणली की खानदानी कोंबडा किंचाळत पाण्याच्या टाकीमागं. मग बाकीच्या. तांबड्या दोघी एका बाजूनं, लंगडी दुसऱ्या बाजूनं. लंगडीला एरवी चार पावलं नीट टाकता येत नाहीत, त्या दिवशी तिचं लंगडणं कुठं गेलं होतं देव जाणे. कोंबडा उडी मारून माझ्या गाडीच्या टपावर जाऊन बसला आणि दुपारपर्यंत खाली आला नाही. मोठ्यानं आरवणं तर सोडाच, त्यानं घसासुद्धा खाकरला नाही.

शेजारी एक निवृत्त कंडक्टर राहतात. एसटीतून उतरले पण दुसऱ्याच्या तिकिटात डोकावायची सवय गेली नाही. त्यांनी भिंतीवरून टपाकडं बघितलं. “जावाई,” ते म्हणाले, “ह्यो बी घरजावाईच दिसतुय.”

“तुमी तुमच्या घरात बघा,” मी म्हणालो.

“तितं काय बगायचं? हितं फुकट तमाशा हाय.”

त्या दिवशी पहिल्यांदा मला चाचांची आठवण आली. दुकानात माझ्याकडं भंगारातल्या पंख्यांच्या गोल जाळ्या पडून होत्या, पंचवीस-तीस तरी. त्या तारेनं एकमेकींना बांधून मी अंगणाच्या कोपऱ्यात जाळी उभी केली. आत कोंबडा, बाहेर कोंबड्या. ज्वारी इकडं टाकायची, ज्वारी तिकडं टाकायची. कंडक्टर म्हणाले, कोंबड्याला हवा बरी लागंल. पंख्यांना पाती नव्हती हे मी त्यांना सांगत बसलो नाही.

खोटं कशाला बोलू, त्या जाळीशी बसायचा मला नाद लागला. दुकानातून आलो की चहाचा कप घेऊन तिथं. काळी दिवसातून चार वेळा येऊन जाळीतून आत चोच घालायची. कोंबडा मागं सरायचा. मी त्याला म्हणायचो, “आरं, हिला घाबरू नको बे. ही मला बी आशीच बगती.” माणसानं कोंबड्याशी बोलू नये हे मला कळतं. पण ह्या घरात बोलायची तीच पद्धत पडली होती. सासूबाई काळीशी बोलायच्या, मी तांबड्याशी. बायको आमच्या दोघांच्या मधून ताटं घेऊन जायची आणि म्हणायची, “सगळ्यांला एकाच डालग्याखाली झाकून ठिवावं वाटतंय मला.”

सातव्या दिवशी कोंबड्यानं ज्वारीचा दाणा चोचीत धरला, खाली टाकला, पुन्हा उचलला, आणि घशातून ‘कुक कुक कुक’ असा हलका आवाज काढला. ‘ये, खा’ असं बोलावणं असतं ते. पिवळी आली. जाळीच्या भोकातून तो दाणा तिनं उचलला. मी कप खाली ठेवला आणि मागं वळून बघितलं, तर सासूबाई दारात उभ्या. त्यांनीही बघितलं होतं. आमची नजरानजर झाली. त्यांनी आत जाऊन चहा आणखी अर्धा कप आणून माझ्याजवळ ठेवला. ठेवताना पिवळीला म्हणाल्या, “गार हुतोय म्हनावं.”

मला तेवढ्यानं चढलं. नवव्या दिवशीच मी जाळी काढली. चाचांनी दोन आठवडे सांगितले होते, पण माझं घोडं नेहमीच पुढं. तरी निभावलं: काळीनं एकदा हाणलं, तो बाजूला झाला, भांडण नाही. तांबड्यांनी दुर्लक्ष केलं. पिवळी त्याच्या मागंमागं. फक्त तो अजून आरवत नव्हता. सासूबाईंच्या मते कोंबडा आरवला नाही म्हणजे त्यानं घर धरलं नाही.

त्याच दिवशी दुपारी मी जेवून ओसरीवर आडवा झालो. गाडी अंगणात, मागचा फाळका उघडा, हौद्यात दोन जळक्या मोटारी आणि वर ताडपत्री. मी झोपलो असताना गल्लीत गॅसची गाडी येऊन गेली. टाकी संपत आली होती, बायकोनं ती दिली आणि भरलेली घेतली. एवढं साधं काम. उठलो तेव्हा सासूबाई अंगणभर फिरत होत्या, मुठीत ज्वारी. आठही कोंबड्या पायाशी. कोंबडा नव्हता.

खुराडं बघितलं, मोरीमागं बघितलं, शेवगा बघितला. जुना कोंबडा मेल्यापासून मी गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय हलत नाही, तर गाडीखालीही बघितलं. कंडक्टर भिंतीवरून म्हणाले, “कपिलधारला गेला आसंल, धबधब्याखाली न्हायला.” सासूबाई घरात गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. सरळ माझ्यासमोर आल्या. मध्ये काळी नाही, पिवळी नाही.

“टाकी कुठंय?”

वीस दिवसांनी माझ्याशी बोलल्या त्या ह्या दोन शब्दांत. मला आधी आनंदच झाला. कशाबद्दल विचारतायत ते नंतर कळलं.

“आत हाय की,” बायको म्हणाली. “आताच बदलली.”

“ती न्हाई. आपली. कुंकवाची.”

बायकोनं तोंडावर हात ठेवला. सासूबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या. “त्येची चूलच न्हेली,” त्या म्हणाल्या. “मग त्यो कशाला ऱ्हाईल? कावून ऱ्हाईल?” आणि ज्वारीची मूठ तशीच मांडीवर ठेवून रडायला लागल्या. जुना कोंबडा पुरताना न रडलेली बाई एका टाकीसाठी रडत होती. मी काय म्हणणार? मामी, कोंबड्याला कसं कळणार टाकी बदलली ते? मामी, टाकीचा आणि कोंबड्याचा संबंध काय? संबंध मीच जोडला होता.

“चला,” मी म्हणालो. “गाडीत बसा.”

गॅसची गाडी पुढच्या गावात पारापाशी सापडली. रिकाम्या टाक्या घेऊन बायाबापड्यांची रांग लागलेली. सासूबाई डालगं घेऊन उतरल्या, कोंबडा सापडला तर झाकायला. रांगबिंग न बघता गाडीवरच्या रिकाम्या टाक्या एकेक न्याहाळायला लागल्या. सगळ्या सारख्याच लाल. पण तिसऱ्या ओळीत एकीच्या खांद्यावर हळदीकुंकू.

“ही आमची. द्या.”

टाक्या देणारा माणूस खाली वाकून म्हणाला, “मावशी, ती रिकामी हाय. तुमाला भरल्याली दिली ना?”

“भरल्याली ऱ्हाऊ द्या तुमाला. आमाला हीच पायजे.”

“कावून?”

सासूबाई माझ्याकडं वळल्या. “पाव्हणं, सांगा की त्यान्ला.”

पाव्हणं! परत पाव्हणं झालो होतो मी. पण आता जे सांगायचं होतं ते कुठल्या तोंडानं सांगू? माझ्या दुकानात येणारी चार माणसं त्या रांगेत होती. मी घसा साफ केला. “त्याचं काय हाय,” मी म्हणालो, “ह्या टाकीभोवती आमचा कोंबडा फिरवल्याला हाय.”

रांगेतल्या शेवटच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे हसले. एक बाई हसता हसता टाकीवरच बसली. टाकीवाला म्हणाला, “मावशी, टाकीच्या मागं कोंबडा येत आसता तर माज्या गाडीवर पोल्ट्री झाली आसती.” आणि रांगेतून कुणीतरी ओरडलं, “जावयाला कशाभवती फिरवलतं, मावशी? त्यो तर लई पक्का बसलाय!”

पुन्हा हशा. माझं डोकं सणकलं. आईशप्पथ, मोटारीचा पाना हातात असता तर कुणाच्या तरी पाठीत घातला असता. सासूबाई मात्र हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. माझ्याकडं बघत राहिल्या, जसं काही ती गोष्ट त्यांच्या आधी ध्यानातच आली नव्हती.

आणि तेवढ्यात आवाज आला.

आधी नुसती खोकल्यासारखी उचकी आली, पंप पाणी उचलायच्या आधी देतो तशी. मग दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा खणखणीत बांग. माझ्याच गाडीतून. ताडपत्री हलली, आणि जळक्या मोटारीवर उभा राहून आमचा खानदानी कोंबडा मान ताणून सगळ्या गावाला सांगायला लागला. दुपारी ऊन लागलं म्हणून हौद्यात शिरला असणार, ताडपत्रीखाली झोपला असणार, आणि आम्ही त्यालाच घेऊन त्याला शोधायला आलो होतो.

हे मी तिथं सांगूनही बघितलं. कुणी ऐकलं नाही. कारण सासूबाईंनी टाकीवाल्यापुढं बोट नाचवलं, “बगितलं? आलाच का न्हाई टाकीमागं?” टाकीवाल्यानं एकदा कोंबड्याकडं बघितलं, एकदा कुंकवाकडं, आणि सरळ टाकीला हात जोडले. रिकामी टाकी मात्र दिली नाही. तिथं मेल्याचा नियम आडवा आला.

परत येताना कोंबडा त्यांच्या मांडीवर डालग्यात. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, तसं हे डालग्यातूनही दोनदा आरवलं. सासूबाई वाटेत बोलत होत्या, माझ्याशी. हळू घ्या, खड्डा हाय. हे वावर आमच्या मालकाच्या मैतराचं. तुमी मोटारी भरताव त्यात तांब्याची तार आसती का आल्युमिनची? मी सगळ्याला उत्तरं देत होतो. घराच्या वळणावर मी गाडी थांबवली आणि म्हणालो, “मामी, चुकलं माजं. त्या दिवशी फोनवर हुतो.”

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “चला आता.”

पुढचं आधीच सांगतो. कोंबडा टिकला. पिवळी बसली, अकरा अंडी ठेवली, नऊ पिल्लं निघाली, आणि ओसरीवर दरबार भरला. काळी अजूनही त्याला आठवड्यातून एकदा हाणते आणि तो ते खातो. पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं.

घरी आल्यावर बायकोनं नवी टाकी मधोमध ओढायला घेतली, पुन्हा फेरे मारायला.

“नकू,” सासूबाई म्हणाल्या. “ती बी जाती म्हैन्याभरात.”

कोंबडा काखेत घेऊन त्या घरभर फिरल्या. ओटा भिंतीला चिकटलेला. तुळशीला कोंबडा फिरवायचा नाही, बाटते. बायको म्हणाली, मोटार चालंल का एखादी? ती बी गिऱ्हाइकाची, ती बी जाती, सासूबाई म्हणाल्या. मग अंगणात येऊन उभ्या राहिल्या. मी पायरीवर बसून बूट काढत होतो.

“हितं ये,” त्या म्हणाल्या.

मी इकडंतिकडं बघितलं, काळीला म्हणाल्या असतील म्हणून.

“तुला म्हनते. हितं मधी बस.”

अंगणाच्या मधोमध बायकोनं पाट टाकला. मी बसलो. सासूबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, कोंबड्याच्या तुऱ्याला लावलं, आणि माझ्याभोवती फिरायला लागल्या. पहिला फेरा. दुसरा. आठ कोंबड्या बाजूला उभ्या. भिंतीवर कंडक्टरांचं डोकं आलंच.

“काय वो, जावयाची दिष्ट काढताव का?”

“तुमी तुमचं तिकीट फाडा,” सासूबाई न थांबता म्हणाल्या. “चूल फुटली. टाकी गेली. ह्यो येवडा येडा, वीस दिस बोलले न्हाई तरी हितंच. ह्येला कुनी फिरवलं बी नव्हतं. कुटं जातंय हे!”

अडीच वर्षांत मी पत्रे बदलले, मोरी बांधली, ओटा बांधला, ते सगळं ह्या बाईला दिसलं होतं की नाही ठाऊक नाही. मी गेलो नाही, एवढं मात्र तिला दिसलं होतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. कुणाची तरी मोटार पाण्यात जळाली असणार. माझा हात सवयीनं खिशाकडं गेला.

“हालू नकू,” सासूबाई म्हणाल्या. “आजून दोन ऱ्हायलेत.”

फोन वाजून वाजून बंद झाला. मी हाललो नाही.